एका सलूनचे दोन टीव्ही

न्हाव्याला सगळ्यांचे केस कापता येतात, स्वतःचे येत नाहीत. पुढचे एक वेळ आरशात बघून जमतील, पण मानेवरचे आणि कानामागचे दुसऱ्याच्याच हाती द्यावे लागतात. इतकी वर्षं त्या सलूनच्या बाकावर बसूनही मला ही साधी गोष्ट कधी सुचली नव्हती. तिथल्या दोघा भावांपैकी थोरल्याचे केस खांद्याला टेकले तेव्हा सुचली.

मला लिहायची सवय नाही. मी पाट्या रंगवायचो. म्हणजे दुसऱ्याने कागदावर लिहून दिलेलं मोठं करून काढायचो. स्वतःच्या मनाच्या चार ओळी कधी काढल्या नाहीत, त्यामुळे कुठे मागचं पुढे झालं तर सांभाळून घ्यावं. पण थोरल्याबद्दल टीव्हीवर जे सांगितलं गेलं तेवढंच लोकांना माहीत आहे, आणि ते बरोबर नाही, एवढ्यासाठी लिहितो.

सलून दोघा भावांचं. गल्लीच्या तोंडाशी, एका अंगाला चपला शिवणारा, दुसऱ्या अंगाला औषधांचं दुकान. रुंद शटर, दोन खुर्च्या, दोन्हींपुढे मिळून एक लांब आरसा, मागे भिंतीला टेकून बाक. वडिलांनी सुरू केलेलं. वडील गेले तेव्हा धाकट्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. थोरल्यानेच त्याला लहानाचा मोठा केला असं लोक म्हणत. थोरला म्हणायचा, "मोठा तो वहिनीच्या हातचं खाऊन झाला. मी फक्त त्याचे केस वेळेवर कापले."

वडिलांची शिकवायची पद्धत अशी, की परक्याच्या डोक्याला हात लावायच्या आधी घरच्या डोक्यावर हात बसवायचा. थोरला धाकट्याच्या डोक्यावर शिकला, धाकटा थोरल्याच्या. धाकट्याच्या हातात पहिल्यांदा वस्तरा आला तेव्हा तो थोरल्याच्या उजव्या कानामागे खोल गेला. वडील धार लावायचा पट्टा काढून धाकट्याच्या अंगावर धावले. थोरला मान टॉवेलने दाबून मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "त्याची चूक नाही. मी हललो." मग तोच पट्टा त्याच्या पाठीत बसला. हे मी ऐकीव सांगत नाही, मी बाकावर होतो. थोरला हलला नव्हता. दगडासारखा बसला होता.

जखम भरली, व्रण राहिला. तिथे केस उगवले नाहीत. तेव्हापासून थोरल्याचे केस धाकटाच कापायचा आणि कानावरची बट अशी सोडायचा की व्रण झाकून जावा. मग थोरला उठायचा आणि धाकटा बसायचा. सलूनच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी, शटर अर्धं वर करून हा कार्यक्रम चाले. मी वाकून आत शिरायचो आणि पेपर वाचायचो. पेपर निमित्त. त्या दोघांची बडबड ऐकायला जायचो.

"दादा, तुझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. दोन बायका लिहिल्यात तुझ्या नशिबात."

"हळू बोल. पहिलीने ऐकलं तर दोन्ही भोवऱ्यांसकट डोकं उतरवून ठेवेल."

मग कोपऱ्यावर काचेचं पार्लर आलं. आत थंडगार हवा, डोकं धुवायचं बेसिन, एकसारखे काळे शर्ट घातलेले कारागीर. तरुण पोरं तिकडे वळली. इकडचं बाक रिकामं दिसू लागलं. त्यातच जागेच्या मालकाने भाडं वाढवलं. धाकट्याने एक टीव्ही आणला आणि आरशाच्या वर टांगला.

आधी सिनेमे लावून पाहिले. लोक बघायचे, गाणं संपलं की घड्याळ बघून उठायचे. एका संध्याकाळी रिमोट दाबता दाबता बातम्यांचा चॅनेल लागला. कोट घातलेला एक माणूस टेबलावर हात आपटत होता आणि चौकटीतल्या पाहुण्यांवर ओरडत होता. देश कोण बुडवतंय, असा काहीतरी प्रश्न होता आणि उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. शेजारचा औषधवाला दाढी करून, पैसे देऊन उठला होता. तो पुन्हा खुर्चीत बसला.

"दादा, जरा डोक्याला मालिश करून टाका."

"आत्ता? दुकान उघडं आहे ना तुमचं?"

"राहू द्या हो. ऐका, ऐका, काय झापतोय बघा त्याला!"

बाकावरच्या कुणालाच उशीर होत नव्हता. एरवी 'किती वेळ?' म्हणून चुळबुळ करणारे मान वर करून बसले होते. धाकट्याची नजर टीव्हीवर नव्हती, त्यांच्यावर होती. शटर ओढताना तो म्हणाला, "सिनेमा बघून माणूस खूश होतो आणि घरी जातो. राग आला की उठतच नाही. बघितलंस ना दादा?"

"रागावलेल्या माणसाच्या गळ्यावर वस्तरा फिरवायचा असतो आपल्याला," थोरला म्हणाला. "तो हलतो."

कोटवाला रोज लागू लागला आणि बाक भरू लागलं. पण पुरतं नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर होते. ते एक दिवस अर्ध्या दाढीवरून उठले. फेस तसाच.

"मी दाढी करायला येतो, शिव्या खायला नाही."

"तुम्हाला कुणी शिव्या दिल्या मास्तर?"

"त्या डबड्यातून देतोय ना तो! माझ्यासारख्यांनाच देतोय."

मास्तरांसाठी दुसरा चॅनेल लावला. तिथे चष्मेवाली होती. ती ओरडायची नाही. चष्मा नाकावर सरकवत, हसत हसत अशी टोचायची की समोरच्याला रक्त आलेलं नंतर कळावं. मास्तर खूश. मग औषधवाला उठला. "लावा तुमच्या मावशीला. मी चाललो पार्लरमध्ये." थोरल्याने वैतागून टीव्ही बंदच केला. तर लोक मोबाइलमध्ये माना घालून बसले आणि पटापट निघून गेले. मालिश कुणी मागेना.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी थोरल्याचे केस कापता कापता धाकट्याने विषय काढला.

"दादा, मध्ये भिंत घालू."

"कशाच्या मध्ये?"

"आपल्या. प्लायवूडची. तुझी खुर्ची तिकडे, माझी इकडे. शटरही कापून दोन करू. दोन दारं, दोन टीव्ही. ज्याला ज्याचं ऐकायचं त्याने तिकडे बसावं."

"आणि लोक म्हणतील, पलीकडे तुझाच भाऊ ना रे? हा कसला पक्का माणूस?"

"म्हणून तर सांगायचं, आमचं फाटलं."

थोरला एवढा हसला की धाकट्याने कात्री वर उचलून धरली. "हलू नको! पुन्हा माझ्या नावावर जाईल."

"अरे, पण आपल्याला भांडता कुठे येतं?"

"शिकू की. तो कोटवाला फुकट शिकवतोय."

वहिनींना विचारलं. घर सलूनच्या मागेच, दोन खोल्यांचं. त्या म्हणाल्या, "स्वयंपाक एकच राहणार ना? मग बाहेर काय ती सोंगं करा. मला दोन वेळा भांडी घासायला लावू नका."

कोणी कोणता चॅनेल घ्यायचा हे नाणं उडवून ठरलं. थोरल्याला चष्मेवाली आली, धाकट्याला कोटवाला. उलटं पडलं असतं तरी दोघांना काही वाटलं नसतं. दोघांनीही तोवर राजकारणावर मत म्हणून काही बोललेलं मला आठवत नाही. मतदानाला जायचे, बोटाची शाई दाखवायचे, कामाला लागायचे.

पाट्या माझ्याकडे आल्या. धाकटा म्हणाला, "पेंटरकाका, दोन वेगळ्या माणसांनी काढल्यासारख्या दिसू देत. भांडलेले भाऊ एकच पेंटर लावतील का?" थोरल्याची पाटी मी माझ्या नेहमीच्या गोल अक्षरात काढली. धाकट्याची डाव्या हाताने, तिरकी, धारदार. लोक म्हणाले, दुसरा पेंटर जास्त जोरकस आहे.

अशी ती भिंत उभी राहिली. खरी गोष्ट दोघे भाऊ, वहिनी आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. गल्लीला सांगितलं, भाऊ भांडले. कशावरून, हे सांगावं लागलं नाही. जो तो आपापल्या परीने समजला. औषधवाला म्हणाला, "मला माहीतच होतं, दादा त्या लोकांचा आहे." मास्तर म्हणाले, "धाकटा वाहवत गेलाय, चेहऱ्यावरून दिसतं."

आणि धंदा असा चालला की काचेच्या पार्लरमधले काळे शर्टवाले दारात उभे राहून बघायचे. दोन्ही बाकं पुरेनात. लोक लांबून यायचे, मित्रांना घेऊन यायचे. केस वाढलेले नसले तरी यायचे. अधूनमधून भिंतीवर थाप पडायची आणि भावांची जुंपायची. त्याला तर गर्दी व्हायची. ते संवाद सुट्टीच्या दिवशी सकाळी ठरायचे. मी ऐकलेत.

"उद्या औषधवाला बसला की मी थाप मारून म्हणेन, आवाज कमी करा, विकले गेलेले लेकाचे! तू काय म्हणशील?"

"मी म्हणेन, विकला गेलो असतो तर तुझ्या शेजारी कशाला सडलो असतो?"

"वा! हे भारी आहे. मान खाली घे."

मी थोरल्याचा गिऱ्हाईक. त्याच्या खुर्चीत बसलं की समोरून चष्मेवाली आणि भिंतीतून कोटवाला, दोन्ही ऐकू यायचे. काय चाललंय ते कळायचं नाही. फक्त जाहिरात लागली की कळायचं. कुलपांची एक जाहिरात होती, लहान मुलीच्या आवाजातलं गाणं, 'घर आपलं, दार आपलं' असं काहीतरी. दोन्ही चॅनेलवर तीच. बहुतेक वेळा एकदमच लागायची. तेवढा वेळ भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकच गाणं यायचं आणि सलून पहिल्यासारखं एक वाटायचं. मग पुन्हा सुरू.

थोरल्याने एक युक्ती केली होती. तो कानात कापूस घालायचा. दाढीच्या वेळी लागतो तोच कापूस, वर केसांची बट. गिऱ्हाइकाचे ओठ आरशात बघून 'हो ना', 'काय सांगायचं आता' एवढं म्हणायचा. संध्याकाळी कापूस काढला की संपलं. धाकट्यालाही त्याने सांगितलं. धाकटा म्हणाला, "माझ्याकडचे बोलके आहेत. ऐकल्याशिवाय भागत नाही." ते खरंच होतं. त्याला दिवसभर ऐकावं लागे आणि दिवसभर होकार द्यावा लागे. होकार दिला की लोक खूश होत, पाठीवर थाप मारत. त्याच्या पाठीवर कुणी थाप मारलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. तो नेहमीच दादाचा धाकटा होता. आता त्याच्याकडे लोक त्याच्यासाठी येत होते.

एका सुट्टीच्या सकाळी नेहमीप्रमाणे उद्याचे संवाद चालले होते. थोरला म्हणाला, "उद्या तू मला काय म्हणणार?"

धाकटा कात्री चालवत म्हणाला, "खरं सांगू का? तुमच्या लोकांनी काल जे केलं ते बरं केलं नाही."

"वा! हे चांगलं आहे. म्हण."

"म्हण काय? मी खरंच म्हणतोय."

"आमचे लोक? आमचे कुठले लोक रे?" थोरला हसला. "नाणं पडलं तेव्हा तूच उचललंस ना?"

धाकटा हसला नाही. कात्री थांबली होती. थोरल्याने आरशात वर पाहिलं. मग धाकटा म्हणाला, "मान खाली घे," आणि बाकीचे केस न बोलता कापले. त्या दिवशी तो स्वतः खुर्चीत बसला नाही. काम आहे म्हणाला.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशीही धाकट्याची बाजू उघडी राहू लागली. निवडणूक जवळ आली होती, लोकांना दम नव्हता. थोरला अर्ध्या शटरखाली एकटा बसायचा. मी पेपर वाचायचो. पलीकडून कोटवाला ऐकू यायचा.

"येईल," थोरला म्हणायचा. "निकाल लागला की येईल. त्याचेही वाढलेत."

निकाल लागला. कोटवाल्याची बाजू जिंकली. सकाळपासूनच धाकट्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती. इकडे थोरल्याकडे मास्तर आणि आणखी दोघे तोंडं पाडून बसले होते, मी बाकाच्या टोकाला. थोरला मास्तरांच्या गळ्यावर वस्तरा धरून उभा होता. तेवढ्यात पलीकडे आरोळी उठली आणि सगळ्यांनी मिळून भिंत बडवायला सुरुवात केली. प्लायवूड ते. आरसा हलला, बाटल्या पडल्या, थोरल्याचा हात उडाला. मास्तरांच्या हनुवटीखालून रक्ताची रेघ उतरली.

जखम मोठी नव्हती. पण इतक्या वर्षांत थोरल्याने गिऱ्हाइकाला कधी ओरखडा काढला नव्हता. त्याने तुरटी लावली, मास्तरांच्या हातात टॉवेल दिला आणि बाहेरून फिरून धाकट्याच्या दारात गेला. मी मागोमाग. वस्तरा हातात राहिलाय हे त्याच्या लक्षातच आलं नाही, माझ्याही नाही. दारातल्या माणसाने पाहिलं आणि तो ओरडला, "वस्तरा! वस्तरा घेऊन आलाय!"

गर्दी फाकली. सगळ्यांचे मोबाइल वर झाले. धाकटा आपल्या खुर्चीमागे उभा होता.

"बस झालं," थोरला म्हणाला. "ऐका रे सगळे. हे नाटक आहे. आमचं भांडण नाही. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय हे. गिऱ्हाईक यावं म्हणून. सांग रे यांना."

कुणीतरी हसलं. औषधवाला म्हणाला, "बघा! हरले की यांना सगळंच नाटक वाटतं."

"भिंत यानेच घालायची म्हटली होती! मी केस कापून घेत होतो. या पेंटरला विचारा, दोन्ही पाट्या याने काढल्यात."

मला चारचौघांत बोलायची भीती वाटते. तरी बोललो. म्हणालो, "खरं आहे. तिरकी पाटीही माझीच. डाव्या हाताने काढली."

"पेंटर," औषधवाला म्हणाला, "तुम्ही दाढी कुठल्या बाजूला करता?"

मी थोरल्याकडे बघितलं.

"झालं तर मग," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

आता फक्त धाकट्याचं उरलं होतं. थोरला त्याच्याकडे बघत उभा राहिला. धाकट्याने गर्दीवरून नजर फिरवली. तेवढी माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि त्याने 'हो, नाटक' म्हटलं असतं तर त्यातलं एकही उद्या आलं नसतं. तो म्हणाला, "दादा, आधी तो वस्तरा खाली ठेव."

बस, एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं. थोरल्याने हाताकडे पाहिलं, वस्तरा मिटला आणि घरात निघून गेला.

मोबाइलमधला तो तुकडा दुसऱ्या दिवशी टीव्हीवर होता. आवाज काढून टाकलेला, वस्तऱ्याभोवती लाल गोल. कोटवाल्याने ओरडून सांगितलं की हरलेली माणसं सख्ख्या भावावर शस्त्र उचलताहेत. चष्मेवालीने चष्मा सरकवून विचारलं की एका शांत कारागिराला इथपर्यंत कुणी आणलं. पोलीस येऊन गेले. तक्रार कुणाचीच नव्हती.

चष्मेवालीच्या ऑफिसातून थोरल्याला फोन आला. मी शेजारी होतो. त्याने नाणं, भिंत, पाट्या सगळं नीट सांगितलं. पलीकडच्या मुलीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ठीक आहे काका, पण त्यांनी आधी तुम्हाला काय म्हटलं, तेवढंच सांगा."

"त्याने काही म्हटलं नाही. भिंत हलली, माझा हात हलला."

"बरं. आम्ही पुन्हा फोन करतो."

पुन्हा फोन आला नाही. त्यांच्या उपयोगाचं त्यात काही नसावं.

कोटवाल्याच्या चॅनेलने धाकट्याला मात्र थेट कार्यक्रमात घेतलं, फोनवरून. त्या वेळी थोरला आपल्या बाजूला झाडत होता. त्याने टीव्ही बंद केला होता आणि कानात कापूस नव्हता. भिंतीतून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. कोटवाल्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "आमचे हे भाऊ आज आपल्याबरोबर आहेत. मला एकच सांगा. तुम्हाला तुमच्या मोठ्या भावाची भीती वाटते का?"

थोरल्याचा झाडू थांबला.

"हो," धाकटा म्हणाला.

मग जाहिरात लागली. कुलपांचीच. या वेळी ती एकाच बाजूने आली.

थोरल्याने आपल्याकडचा टीव्ही परत लावला नाही. मास्तर आले, पाठ थोपटून म्हणाले, "छान केलंत. त्यांचं नाटक उघडं पाडलंत." थोरला म्हणाला, "त्यांचं नाही हो मास्तर, आमचं. माझंसुद्धा." मास्तर जरा हिरमुसले. मग त्यांचं येणं कमी झालं, मग बंद झालं. इतरही गेले. शांत खुर्चीत बसायला कुणालाच नको होतं. मी तेवढा जायचो, पण एका माणसाची दाढी वाढून वाढून किती वाढणार? मागच्या घरात धाकट्याने आपली चूल वेगळी केली. वहिनी मला म्हणाल्या, "भांडी कमी झाली, भावजी. पण अजून त्याचं ताट काढते मी, मग परत ठेवते."

थोरल्याचे केस वाढत गेले. आधी कानावर आले, मग कॉलरवर, मग खांद्याला टेकले. येणारे-जाणारे म्हणत, "काय दादा, न्हावी मिळत नाही का?" तो हसून न हसल्यासारखं करायचा. वहिनींनी एकदा कात्री हातात घेतली, तर म्हणाला, "राहू दे. त्याचे कोण कापणार मग? माझे झाले की त्याला यायला निमित्त राहणार नाही." त्याचा हिशेब असा होता. धाकट्याचेही वाढतच असणार. कधीतरी मान खाजेल, कधीतरी सुट्टीच्या सकाळी तो वाकून आत येईल आणि खुर्ची पुसेल. बोलायचं काही नाही. केस कापायचे. तेवढ्यासाठी थोरला दर सुट्टीला शटर अर्धं वर करून बसायचा.

एका सकाळी आम्ही तसेच बसलो होतो. धाकटा बाहेरून गेला. पाठमोरा. थोरल्याने पाहिलं, मीही पाहिलं. धाकट्याचे केस कापलेले होते, ताजे.

बराच वेळ थोरला त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मशीन फिरवलंय. पार्लरमध्ये. मागे उजवीकडे एक पायरी राहिली आहे. त्याच्या मानेला तिथे खळगा आहे, मशीन बसत नाही. कात्रीनेच घ्यावं लागतं."

त्याने उठून शटर पूर्ण खाली ओढलं.

"चल पेंटर," म्हणाला. "लांब कुठेतरी जाऊ. जिथे मला कुणी ओळखत नाही."

आम्ही बस बदलून एका अनोळखी वस्तीत गेलो. एक सलून दिसलं, दोन खुर्च्यांचं, बाकावर गिऱ्हाइकं. वर टीव्ही. त्यात कोटवाला. थोरला दारातच थबकला, मग आत जाऊन बसला. सलूनवाला तरणा होता, आदबशीर. त्याने कापड झटकून थोरल्याच्या गळ्याभोवती बांधलं आणि रिमोट उचलला.

"काका, हाच असू दे की दुसरा लावू?"

"बंद नाही का करता येणार?"

त्याने बाकाकडे पाहिलं आणि ओशाळून हळूच म्हणाला, "बंद केला तर हे उठून जातील हो."

"मग असू दे," थोरला म्हणाला.

कात्री चालू झाली. पांढऱ्या केसांचे पुंजके कापडावरून घरंगळत खाली पडत होते. थोरल्याने डोळे मिटले होते. मग पोराने मशीन घेतलं आणि उजव्या कानावरची बट वर केली.

"बापरे. हे काय झालंय हो मागे?"

"लहानपणी वस्तरा लागला."

"कुणाचा?"

"भावाचा."

बाकावरच्या एकाने टीव्हीवरून नजर काढली. "भावाने केलं हे? आणि तुम्ही तसंच सोडलंत त्याला?"

थोरल्याने डोळे उघडले आणि आरशात त्या माणसाकडे पाहिलं.

"त्याची चूक नाही," तो म्हणाला. "मी हललो."

"आता हलू नका, काका," पोरगा म्हणाला, आणि त्याने मशीन लावलं. बट गेली. व्रण पूर्ण उघडा झाला, पांढरा, बोटभर. थोरला दगडासारखा बसला होता.

परत येताना, गल्ली जवळ आल्यावर तो थांबला. पुढे सलून होतं, उजव्या हाताला. धाकट्याचं दार उघडं होतं, आत गर्दी होती, आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"पेंटर," थोरला म्हणाला, "तू या बाजूने चाल."

मी त्याच्या उजव्या बाजूला आलो, आणि आम्ही पुढे गेलो.